राखीव

साखळीच्या बाजारात, बाबुसोच्या सलूनमध्ये
विक्रम साबणाने लिहितात, आरशावर.
पैज म्हटली की आकडा समोर हवा
आणि वही कुणी आणत नाही.

माझा उजवा गाल झालेला, डावा फेसात.
वस्तरा हवेतच थांबला,
कारण परोब मास्तर म्हणाले,
"नव्याण्णव पूर्णांक चौऱ्याण्णव.
आता बोला, कोण बोलतो तो."

पोदेर कायतानने सायकल बाहेर टेकवली.
पाव संपले होते, घाई नव्हती.
"चार रन कमी पडले म्हणून तो आकडा तुम्हाला पाठ.
पुरते शंभर झाले असते
तर विसरला असता, मास्तर.
मला हजार गोलवाला दाखवा."
"त्यातले मैत्रीचे सामने वजा कर."
"वजा कशाला? जाळं हललं ना?"
"जाळं वाऱ्यानेही हलतं."

मग बाकावरून कुणी टेनिस काढलं,
कुणी शंभर मीटर, दहा सेकंदांच्या आत.
"एवढ्यात माझा वस्तरा कानाखालीसुद्धा उतरत नाही,"
बाबुसो म्हणाला, आणि खरंच उतरवला नाही.
माझा फेस सुकत चालला.

मास्तरांचं म्हणणं, विक्रम तो,
जो मोडणारा अजून जन्मायचा आहे.
कायतानचं म्हणणं, विक्रम तो,
जो मोडला त्या रात्री आपल्याला झोप लागली नाही.

कोपऱ्यात झिलू माजीक.
मांडीवरच्या पेपरची घडी तशीच.
"एकही नाही," तो म्हणाला.
"काय एकही नाही?"
"अकरा मोसम. एकही गोल खाल्ला नाही."

खाणीच्या कंपनीचा संघ तेव्हा पगारी होता.
सात तारखेला पाकीट, चतुर्थीआधी नवे बूट.
झिलू दुसरा गोलकीपर.
धुळेरला बाक लाकडी,
वास्कोला लोखंडी, तीन वाजता चटका बसायचा,
फातोर्ड्याला खुर्च्या, एकीचा पाय लंगडा.
हे त्याला पाठ आहे.
गोल कुणी मारले ते विचारू नका.

"एकदा पहिला कीपर पडला, घोटा धरून.
कोचने माझ्याकडे बघितलं.
मी हातमोजे चढवले, दातांनी पट्टी ओढली,
रेषेपर्यंत गेलो.
चुना ओला होता, बुटाच्या टोकाला लागला.
मग तो उठला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या.
हातमोज्यांतून आवाज येत नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.
"हे धरता येणार नाही, झिलू. तू खेळलाच नाहीस."
"मग पगार कसला घेत होता?" कायतान उसळला,
"बँकेच्या दारावर राखणदार बसतो तीस वर्षं.
चोर आला नाही, हा त्याचा दोष?"
"तो दारावर तरी बसतो!"
"आणि हा कुठे बसला होता, लग्नाच्या पंगतीत?"

टेनिस राहिलं, शंभर मीटर राहिलं.
दोघे उभे, बाकावरचे दोन गटांत,
पानवाला गल्ला उघडा टाकून दारात आलेला.
झिलू पेपरची घडी
आणखी एकदा घालत होता.

बाबुसोने वस्तरा ठेवला, साबण उचलला,
नव्याण्णवच्या खाली एक शून्य काढलं,
इतकं मोठं की माझा डावा गाल
त्याच्या रेषेखाली गेला.
मास्तरांनी त्यापुढे बोटाने प्रश्नचिन्ह केलं.
कायतानने ते कोपराने पुसलं.
मास्तरांनी पुन्हा केलं, जरा लहान.

वाळपईची बस वाजली.
झिलू उठला, दाढी वाढलेलीच.
"अरे, आता तुझीच पाळी!" बाबुसो ओरडला.
त्याने दारातून हात हलवला,
राहू दे, पुढच्याला घे.

पुढचा असा कुणी नव्हता.
मी होतो, अर्धा,
आणि वाटीतलं पाणी पार थंड झालेलं.