माती पेटती का

पोत्यावर छापलेलं : सिरॅमिक पावडर, निव्वळ पंचवीस किलो.
सोबतच्या कागदावर, स्फोटाच्या रकान्यात,
"माहिती उपलब्ध नाही."
एवढ्या तीन शब्दांसाठी
चिकलठाण्याहून वाळूजला येते मी स्कूटरवर,
डिकीत चाळणी, ब्रश, बारा बाटल्या.

प्लांट मॅनेजर कुलथे हसतात.
"ॲल्युमिना आहे हो. जळायचं तेवढं
आधीच जळून बसलंय."
खरं आहे.
ऑक्सिजन पोटभर खाऊन सुस्तावलेला पदार्थ,
त्याला काडी दाखवली तर काडीच विझेल.
नमुनाही काढून ठेवलाय त्यांनी,
नव्या पोत्यातला, झाकणाच्या डब्यात,
नैवेद्य बाजूला काढावा तसा.

मी वर बघते.

तुळईवर, केबलच्या ट्रेवर, पंख्याच्या पात्यांच्या पाठीवर
पांढरा थर. खालचा निळा रंग दिसत नाही.
कुणीतरी बोटानं लिहिलंय "अर्चना",
आणि रफारसुद्धा वाचता येतोय.

शिडी धरतो बाबासाहेब हातागळे, प्रेसवरचा,
वय सव्वीस, भुवया पांढऱ्या.
"मॅडम, ही तं माती हाय.
माती कुठं पेटती का?"

सेलूला वडलांची गिरणी होती.
पट्ट्याच्या वरच्या फळीवर जे पीठ बसायचं
ते कुणाच्याच डब्यातलं नसायचं,
साऱ्या गावाच्या ज्वारीतलं सगळ्यात हलकं.
जड ते गिऱ्हाईक घेऊन जातं.
हलकं वर चढतं
आणि बसून राहतं.
कॉलेजात हेच पुन्हा शिकवलं, आलेख काढून.

"यात अजून काय घालता?" मी शिडीवरून.
कुलथे : "काही नाही."
हातागळे : "मेण घालतेत की. दाबल्यावर वडी फुटू नाही म्हणून.
पोळ्यापासून तं जास्तीच."
कुलथे घड्याळ बघतात.

प्रयोगशाळेत पोलादी गोळा, वीस लिटर पोटाचा.
आधी पोत्यातली पावडर. फुंकर, ठिणगी.
काटा जागचा हलत नाही.
दुप्पट. चौपट. नाहीच.
मग तुळईवरची.
पाच ग्रॅम, नाही.
दहा ग्रॅम, नाही, चहा निवतोय.
पंधरा ग्रॅम,
आणि गोळ्यानं आतल्या आत ढेकर दिला,
काटा उठून उभा.

पुन्हा केलं. पुन्हा उठला.
तिसऱ्यांदा केलं ते फक्त
हातागळेला काय उत्तर द्यायचं हे सुचेना म्हणून.

अहवालात माती हा शब्द कुठेच बसत नाही.
लिहिलं : नमुना एक, पेट घेत नाही. नमुना दोन, घेतो.
तुळई झाडू नये, हवेच्या नळीनं उडवू नये,
ओढून घ्यावं, हळू, ओल्या फडक्यानं पुसावं.
दोन नंबरच्या बाटलीत
अर्चनाचा "ना" आला असणार,
ब्रश मी तिथूनच फिरवला होता.

कुलथ्यांचा फोन :
पहिल्या नमुन्याचा कागद तेवढा वेगळा मिळेल का?
म्हटलं, एकच कागद आहे, पाठपोट.

रात्री ओट्याशी ओढणी झटकायला हात वर केला
आणि तसाच धरून ठेवला,
आधी गॅस बंद आहे का ते बघितलं.