दुपारी बारापर्यंत

आमच्या गॅनेट आर्मला एक जुलै दोनदा उजाडतो.
एकदा पहाटे, धुक्यातून, अर्ध्यावर उतरवलेल्या झेंड्याखाली;
आणि पुन्हा दुपारी बाराला,
मी तोच झेंडा वर ओढते
आणि मेलेल्यांचा दिवस देशाचा वाढदिवस होतो.

दोरी माझ्याकडे, कारण पोस्टाची किल्ली माझ्याकडे.
याहून मोठं कारण नाही.

थिर्झा पार्डी सगळ्यांच्या आधी आली,
घडीची खुर्ची घेऊन, कोटावर निळ्या फुलांची चिमूट.
स्तंभावर अकरा नावं, त्यातली तीन पार्डी.
तिनं एकालाही पाहिलेलं नाही.
तरी दरवर्षी मधल्याला, एलायजाला, रागावते :
घरात आजारी आई, आणि तू वय वाढवून सांगितलंस!
शंभरावर वर्षं झाली,
घरच्या माणसावरचा राग
मीठ न लावता टिकलाय.

पाद्री प्रार्थना म्हणत होते तेव्हा
सेल्बीचं इंजिन खाडीतून फटफटत गेलं.
कोणी मान वळवली, कोणी मुद्दाम वळवली नाही.
कॉड धरायची मुभा याच दिवसांत, माणशी पाच,
आणि भरती मौनासाठी थांबत नाही.
नंतर म्हणाला, टोपी काढली होती मी.
धुक्यात कोण बघणार?

रोसालिन, मासळीच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून
रबरी बुटांनिशीच मागे उभी. तिचं इथलं पहिलं वर्ष.
तिला वाटलं, गावात काल कोणी गेलंय.
मी सांगितलं, नाही गं, एकोणीसशे सोळाला.
मग एवढं हळू का बोलताय, म्हणाली.

गार्लंड आला नाही. कधीच येत नाही.
कंदाहारहून परतल्यापासून या सकाळी तो
होडी उलटी घालतो आणि रंगवतो.
कोणी काही विचारत नाही.
त्या होडीत आता
लाकडापेक्षा रंग जास्त आहे.

बारा वाजले. मी दोरी ओढली.
झेंडा हलेना.
वर कप्पीत गाठ.
पुन्हा ओढली, अंगाचा सगळा भार टाकून.
तोवर फुगे सुटले होते, हॉलमध्ये गाणं लागलं होतं,
पोरं केककडे धावली होती,
आणि झेंडा तिथेच, अर्ध्यावर.

"राहू दे," थिर्झा खुर्चीतून म्हणाली, "त्यांना कुठे घाई आहे?"
"अगं, केक कापू की नको?" एफी दारातून ओरडली.
खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही.
नियमात लिहिलंय बारापर्यंत;
दोरी अडकली तर काय, ते लिहिलेलं नाही.

गार्लंड शिडी खांद्यावर घेऊन आला.
कोणी बोलावलं, ठाऊक नाही;
त्याच्या अंगणातून काठी दिसते, इतकंच.
कोपरापर्यंत हिरवा रंग.
चढला. गाठ मिनिटभराची होती.
पण तो वरच राहिला,
गाल काठीला टेकवून, पाठ आमच्याकडे,
पायांखाली कापड फडफडतंय.
कोणीतरी गाणं बंद केलं.
सकाळचं मौन दोन मिनिटांचं, घड्याळ लावून पाळलेलं.
हे कोणी मोजलं नाही.

उतरला. दोरी माझ्या हातात दिली.
"तुझं काम," म्हणाला,
आणि शिडी उचलून गेला, केकला न थांबता.

एफीनं कापलेला पहिला तुकडा
थिर्झानं रुमालात बांधला,
रोसालिनला म्हणाली, जा, हिरव्या होडीकडे.
रोसालिन गेली. पुष्कळ वेळानं आली.
तिच्याही बोटांना रंग.

पोस्टाच्या वहीत मी लिहिलं : झेंडा वेळेवर.

दोरीवर मात्र एक हिरवा अंगठा उमटलाय.
पावसानं जात नाही, खाऱ्या वाऱ्यानंही नाही.
दरवेळी झेंडा चढवताना
तो माझ्या मुठीतून जातो.