पाठीचा पत्रा

सिंदेवाही रोडवर माझं वेल्डिंगचं दुकान,
ट्रॉलीचे फाळके, गोठ्यांची फाटकं.
रात्री शटर अर्धं ओढून
मागच्या खोलीत मी रशियन रणगाडा चालवतो
जुन्या कॉम्प्युटरवर, ज्याचा पंखा
धान चुरायच्या मशीनसारखा ओरडतो.

समोर जर्मन. एकाचं नाव वाघ, एकाचं बिबट्या.
वाघ पेटीसारखा चौकोनी, शंभर मिलिमीटर, सरळ उभा.
बिबट्याचा पत्रा ऐंशीच,
पण निजवलेला, आणि मेख तिथेच आहे.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
मनोरमा काकडी तिरपी चिरते
तेव्हा काप लांब पडतो, काकडी तेवढीच असते.
गोळ्याला ती लांबी खणावी लागते.

माझी तोफ शहात्तरची.
टण्ण.
परत टण्ण.
पडद्यावर लाल अक्षरं: पत्रा भेदला नाही.
दहाच्या प्लेटवर अडीचची कांडी जाळत बसावं
तसे अकरा गोळे मी त्या कपाळावर घालवले.
बाजूने त्याचा पत्रा चाळीसच आहे, मला पाठ आहे,
पण बाजू दाखवेल तर तो बिबट्या कसला.
मग वळून पळालो
आणि पाठीत एकच बसला.

शटर वाजलं तेव्हा मी अजून जळतच होतो.
इस्तारी मडावी, गावचा ढोरकी.
"दौलतभाऊ, मानेले पत्रा पायजे."

नाल्यावर गेल्या आठवड्यात काय झालं
ते दोघांनाही माहीत होतं. ते नाव कुणी काढलं नाही.
"समोरून येत नाही गा तो.
फॉरेस्टवाल्यायनं मुखवटा देल्ला होता,
डोक्यामागं बांधाचा.
चार दिवस बुजला. मंग त्यालेबी समजलं
का हे तोंड जेवत नाही."

दोन एमएमचा घेतला. तीनचा मनात होता,
पण दिवसभर ढोरांमागे चालायचं आहे त्याला,
आणि खेळातही हेच आहे, पत्रा चढवला की वेग उतरतो.
खांद्यावर टेकणारी कॉलर केली,
आतून सायकलची ट्यूब, कडा ग्राइंडरने मऊ,
मागची बाजू जरा तिरपी ठेवली,
दात गोळ्यासारखाच घसरेल असा माझा हिशेब.
"किती लांब असते त्याचा सुळा?"
इस्तारीने तर्जनी पुढे धरली.
बराच वेळ खाली घेतली नाही.

तिसऱ्या रात्री कॉलर परत.
"मान वाकत नाही गा.
पाणी कसा पिऊ? वासराचा खूर कसा पाहू?"
पैसे परत मागितले नाहीत, मीही विषय काढला नाही.
स्टुलावर बसून खेळ बघत राहिला.
वाघ नावाचा रणगाडा दिसला तेव्हा हसला,
"याले पट्टे कुठं हायेत?"

बिबट्या टेकडीवरून उतरला. मी वळू लागलो.
"काहून पाठ दाखवतं?"
"मागचा गिअर ताशी चार किलोमीटर आहे, इस्तारी."
"मंग चारनंच जाय ना.
मी नाल्यावरून असाच येतो.
तोंड त्याच्याकडे, पाय गावाकडे."

तोंड फिरवलं नाही.
पंचेचाळीसचा माझा पत्रा, निजवला की नव्वद,
तेवढ्याने बिबट्याचा गोळा अडत नाही हे मला ठाऊक,
म्हणून नाक अजून जरा वळवलं,
काकडीला आणखी तिरपा काप,
आणि मागे, मागे,
बैलगाडीच्याही खाली वेग.
टण्ण झालं.
या वेळी माझ्यावर.
इस्तारीने मांडीवर थाप मारली
आणि लाइट गेली.

अंधारात तो उठला. कॉलर खिळ्यालाच राहिली.
मी शटरखालून वाकून पाहिलं.
त्याच्या बॅटरीचा उजेड पुलापर्यंत
माझ्याकडे तोंड करूनच
लहान होत गेला.