खिडकीवरचा कागद

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या काळ्या वाळूला लागून
आमचं दुकान. पत्र्यात एक भोक आहे.
चार वाजता त्यातून ऊन येतं
आणि बाकावर नाण्याएवढं पडून राहतं.
हणबर मास्तर तेव्हा हातातलं काम सोडून
सगळ्या चिपा टोपीखाली झाकायचे.

चिपला काचेची खिडकी असते, नखाएवढी.
तिच्यावर कागद चिकटवला नसेल
तर ऊन आत शिरतं, आणि आतलं जातं.
वर्षं लागतात. पण जातं.

मुचंडीकरांचा ऑसिलोस्कोप छत्तीस वर्षांचा.
बनवणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावर
आता गाद्या विकतात.
सुरू केला की पडद्यावर एक ओळ उमटते,
आणि तिथंच अडतो.
"भंगारवाला किलोवर घेतो म्हणतोय," मुचंडीकर म्हणाले,
"पण ह्याच्याइतकं खरं बोलणारं
माझ्याकडं दुसरं कोण हाय हो?"

चिप काढली. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट घरं.
वाचली, सगळ्यांची बेरीज घेतली: शेवटी एक.
पुन्हा वाचली: एक.
कागदावर मास्तरांनी तेव्हाची बेरीज लिहून ठेवलेली,
कन्नड आकड्यांत, बारीक निबानं.
शेवटचा आकडा उडालेला.
कन्नड एक म्हणजे न मिटलेलं शून्य;
शाई गेली की
कोण मिटलंय, कोण नाही, कळत नाही.

लोकांना वाटतं विसरणं म्हणजे शून्य होणं.
हिचं उलट.
कोरी असते तेव्हा आत सगळीकडे एकच एक.
लिहायचं म्हणजे जागोजागी शून्य ठेवायचं,
इवलासा भार कोंडून.
भार झिरपला की शून्याचा एक होतो.
पार विसरलेली चिप वाचून बघा:
एक, एक, एक, एक.
एकदाही अडखळत नाही.

मास्तर जाऊन चार वर्षं झाली.
मी कडोलीची बस धरली.
गंगव्वांनी फडताळातून दुधाची वही काढली,
म्हशीचं, गायीचं, उधारीचं,
सगळं त्याच निबानं.
मी काय शोधतेय ते त्यांनी विचारलं नाही,
चहा ठेवला, आणि चुलीकडूनच म्हणाल्या,
"सोन्ने ते दोनदा फिरवायचे बघ गे.
एकदाच फिरवलं तर कुणीबी त्याचं काहीबी करतं म्हणायचे."

रात्री भिंगाखाली कागद धरला.
रेघेवर रेघ होती.
खालच्या अंगाला तेवढी शाई टिकलेली, दुहेरी.
म्हणजे शून्य.
म्हणजे चिप एका घराचं विसरली होती
आणि पाच व्होल्टवर ठामपणे चुकीचं सांगत होती.

मग व्होल्टेज उतरवत गेले. चार पूर्णांक नऊ.
आठ. सात.
जोरात विचारल्यावर जे चुकतं
ते हळू विचारल्यावर कधीकधी आठवतं,
हे मला मास्तरांनी शिकवलं नव्हतं;
शाळेत पाढे म्हणताना कळलं होतं.
चार पूर्णांक सहावर बेरीज हलली.
शेवटी शून्य.
तसंच धरून ठेवलं, श्वाससुद्धा,
आणि पूर्ण वाचून घेतलं.

तीन प्रती केल्या. एक दुकानात, एक घरी,
एक गंगव्वांच्या फडताळात, वहीखाली.
त्यांनी विचारलं, "ह्याला उंदीर लागतात का?"
मी म्हटलं, नाही.
खरं तर मला माहीत नाही.

नव्या चिपेवर कागद लावताना आकडा लिहिला नाही.
शब्द लिहिला: शून्य.
खाली कन्नडमध्ये: सोन्ने.
मुचंडीकरांनी चष्मा वर करून बघितलं,
"दोन्ही कशाला? एकानं भागलं असतं की."
मी पडद्याकडे बोट केलं. यंत्र ती ओळ ओलांडून
पुढं गेलं होतं.

बिलात काय घालायचं ते सुचेना.
शेवटी लिहिलं: कागद, नग एक.
आणि तो एक
अक्षरी लिहिला.