फॉल म्हणजे भिंत

सेकेशफेहेरवारमध्ये जानेवारीत कालवलेला माल गोठतो.
थापी, गुणिया, ओळंबा गोणपाटात गुंडाळून
बाबा दोन महिने घरात असायचे,
आणि घर लहान होतं.

त्या थंडीत आईनं कारखान्यातून
सवलतीतला संगणक आणला.
तिथं ती सोळा वर्षं डाख द्यायची.
म्हणाली, यातला एखादा सांधा माझा असेल, जपून दाबा.
बत्तीस किलोबाइट. टीव्हीला जोडायचा.
कॅसेटवरून आत जे जायचं ते किंचाळत जायचं,
सहा मिनिटं, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं,
आणि शेजारच्या ओर्शोल्या मावशी
पलीकडून लाटण्यानं भिंत वाजवायच्या.

मी चौदाचा. तळमजल्यावरच्या तिहामेरनं
कुठंतरी पाहिलेला खेळ हातवाऱ्यांनी सांगितला,
त्यावरून मी माझा लिहिला.
वरून तुकडे पडतात, चार-चार चौकोनांचे,
काठी, पाट, गुडघा, मोडकी पायरी.
वळवायचे, बसवायचे.
ओळ भरली की ओळ जाते.
नाव ठेवलं फॉल. आमच्याकडे फॉल म्हणजे भिंत.
तिहामेर इंग्रजी शिकत होता, तो म्हणाला,
तिकडे फॉल म्हणजे पडणं.
हे बाबांसमोर बोलायला नको होतं.

ते मागं उभे राहून बराच वेळ पाहत होते.
"भरली की जाते?"
हो.
"आणि त्याचे गुण मिळतात?"
हो.
"मग मी जन्मभर उलटाच खेळलो."

बाहेर क्रेन अख्खी भिंत वरून सोडत होती,
काचेच्या खिडकीसकट, आठव्या मजल्याची.
खाली चार माणसं हात वर करून
तिला जरा डावीकडे, जरा डावीकडे.
वीट नाही, थर नाही.
बाबांनी पडदा ओढला.
मला वाटलं, माझ्यावर रागावले.

रात्री पाणी प्यायला उठलो
तर खोलीत निळा उजेड.
लोकरी बनियनवर बाबा,
एका बोटानं कळ दाबत, जसं अंडं ताजं आहे का बघावं.
मी दाराशी थांबलो.
त्यांना खेळता येत नव्हतं असं आधी वाटलं.
भरत आलेल्या ओळीत मुद्दाम एक घर मोकळं ठेवायचे,
काठी हातात असताना शेजारी टाकायचे.
सांध्यावर सांधा येऊ देत नव्हते.
खाली एक अरुंद फट, वर चढत गेलेली. दार.
उजवीकडे दोन घरं रुंद पोकळी.
तिच्यावर आडवी काठी बसली
तेव्हा स्वतःशीच म्हणाले, "लिंटेल."

भिंत वर वर गेली.
शेवटचा तुकडा अर्धाच आत आला आणि थांबला.
पडद्यावर मी लिहिलेला शब्द लुकलुकला. वेगे. समाप्त.
गुण शून्य.
बाबांनी हात मांडीला पुसले,
जणू माल लागला होता.
"छपराला आलं," म्हणाले,
आणि झोपायला गेले. मी दिसलो असेन, नसेन.

आता ते त्र्याऐंशीचे. थापी धरली तर थापीच हलते.
मी तो खेळ पुन्हा लिहितोय, त्याच यंत्रासाठी,
लोक विचारतात कशाला, मी म्हणतो हिवाळा आहे.
आवाज घातला, रंग घातले,
ओळ जाण्याआधी क्षणभर उजळते ते घातलं.
स्मृतीत सात बाइट उरले.
एवढ्यात नवीन काही मावत नाही.
फक्त जुनं खोडून त्याच मापाचं बसवता येतं,
तेव्हा वेगे काढला आणि तिथं तेतो लिहिला.
तेतो म्हणजे छप्पर.
आमच्या लिपीत दोन्ही चार अक्षरांचे. फट राहिली नाही.

त्यांना सांगितलेलं नाही.
कॅसेट लावली आहे, किंचाळतेय, अजून चार मिनिटं.
बाबा चष्मा शोधतायत, कपाळावर आहे.
पलीकडून कुणी भिंत वाजवत नाही.