जांभळं

काल केंद्रावर मल्लूबाईचा डबा जांभळा राहिला,
म्हणून आज एकेक मेंढी.

चौदा दुभत्या. एकीचं दूध बशीभर,
तेही पिल्लू पिऊन झाल्यावर.
त्यातलं चिमूटभर, छे, दुधाला कसली चिमूट,
थेंबभर मी नळीनं ओढून घेतो
आणि कुपीवर आकडा टाकतो.

धान कापलेल्या बांधीत कळप बसलाय.
लेंड्यांवर अजून दहिवर.
मोटारसायकलच्या सीटवर माझी प्रयोगशाळा:
चौदा कुप्या, थर्मामीटर, वही,
आणि गोंडपिपरीच्या चहावाल्याकडून मागून आणलेला गंज.
पाणी चौसष्ट अंशांवर राखायचं, तीन तास.
रात्रीपासून लाइन नाही. म्हणून चूल.

पोचन्ना तुऱ्हाट्या सारतो.
मी पारा बघून "बस" म्हणतो,
तो एक काडी मागं ओढतो.
इतक्या अदबीनं आग धरलेली
मी कुठल्याच यंत्रात पाहिली नाही.

"याच्यात काय हाय जी?"
झोपलेले जंतू, मी सांगतो.
दूध मिळालं, ऊब मिळाली की उठतात,
खातात, वाढतात, आंबवतात,
मग जांभळं पिवळं होतं.
"अन् नाई झालं तं?"
तर दुधात औषध आहे. त्यांना वाढू देत नाही.

मल्लूबाई चातीला पीळ देता देता थांबते.
"म्हंजे किडे जगले तं दूध चांगलं."
हो.
"अन् मेले तं खराब."
हो.
"मंग डाक्टर लोक आमाले उलटं काऊन सांगतेत?"

चातीवर काळी लोकर. चुलीत एक काडी फुटते.
एक कोकरू येऊन माझ्या वहीचा कोपरा चघळतं,
मी हाकलतो, ते परत येतं.

तीन तासांनी तेरा कुप्या हळदीच्या पाण्यासारख्या.
नऊ नंबर तशीच,
वांग्याच्या सालीसारखी.

"कानफाटी," पोचन्ना म्हणतो. "तिले सुई नाई दिली.
बिरोबाची आन."
तो खोटं बोलत नाही, ते दिसतं.
मी कुपीच्या खोक्यावरचा कागद उलगडतो.
ही तपासणी मुळात गाईसाठी,
मेंढीचं दूध दाट, कधीकधी फसवतं,
असं बारीक अक्षरात लिहिलंय.
मला ते वाक्य फार आवडतं.
मी ते मोठ्यानं वाचणार, तेवढ्यात

मल्लूबाई पदराची गाठ सोडते.
रबरी टोपणाची बाटली. रिकामी.
"कास दगडावानी झाली होती.
हे झोपले होते. मेडिकलवाल्याच्या पोराले उठवलं.
सुई म्याच टोचली."
कधी?
ती बोटांवर बाजार मोजते.
"सोमवारच्या बाजाराच्या आंधीच्या राती."

पोचन्ना काही बोलत नाही.
उरलेली काडी चुलीतून ओढून मातीत विझवतो.

वहीत 'शेरा' नावाचा रकाना आहे, दोन बोटं रुंद.
मी लिहितो: नऊ नंबर. सात दिवस दूध वेगळं.
"सात दिवस कोणी प्यायचं नाही," मी सांगतो,
"तुम्ही नाही, केंद्र नाही, कुत्रंही नाही."
"हाव," ती म्हणते.
आणि जरा वेळानं,
"अन् पिल्लू?"

मी पान उलटून पाहतो.
मागं कोरं आहे.
कानफाटी पाय फाकवून उभी,
तिच्या पोटाखाली ते वही चघळणारं कोकरू
ढुशी देतंय,
शेपूट थांबतच नाही.