तळाची ओळ

तोर्शाव्नला डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
रान्वा मार्गांची यादी लावते:
नेमके पत्ते वर, सैल त्यांच्याखाली,
आणि तळाशी ती एक ओळ
जी येईल त्याला म्हणते, सापडलं नाही.

काल तीच चुकून वर गेली
तर अठरा बेटं एका दमात बेपत्ता.
क्रमच सगळा.

नोंदींत रोज पहाटे
एक जुनाच पत्ता दार ठोठावतो:
बोट/स्कार्वुर/परत
ती फेरी बंद पडून सहा वर्षं झाली.
यंत्र असेल कुठलंतरी, बार्दुर म्हणतो.

असेल.
तरी ती तळाच्या ओळीच्या जरा वर
एक ओळ सरकवते, त्या पत्त्यापुरती.
पानावर वेळापत्रक नाही.
एवढंच: बोट येत नाही. बोलायचं असेल तर
आणि खाली तिचा स्वतःचा नंबर.